मनोऱ्याची नोंद

"बाजूला व्हा, यंत्र फिरतंय," हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं आहे की नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा हेच बरळतेस. तो चेष्टा करतो, पण खोटं बोलत नाही. माझं काम तसं सांगायला सोपं आहे. जुन्या वास्तूसमोर स्टँडवर स्कॅनर उभा करायचा. तो स्वतःभोवती सावकाश गिरकी घेतो, चहूकडे किरण सोडतो, आणि भिंत, कमान, तडा, कबुतराचं घरटं, जे समोर येईल त्याचे लाखो ठिपके गोळा करून आणतो. मग घरी बसून ते ठिपके एकमेकांना जुळवायचे, म्हणजे अख्खी वास्तू संगणकाच्या पडद्यावर उभी राहते आणि बोटाने फिरवाल तशी फिरते. एका कार्यशाळेत कुणीतरी ह्या ठिपक्यांच्या राशीला 'बिंदुमेघ' म्हणावं असं सुचवलं होतं. टाळ्याही पडल्या. आम्ही त्यांना ठिपकेच म्हणतो.

संभाजीनगरात ह्या कामाला तोटा नाही. दरवाजे आहेत, मशिदी आहेत, हमाम आहेत, ज्यांत कोण झोपलंय हे कुणाला ठाऊक नाही असे मकबरे आहेत. बहुतेकांच्या अंगावरून माझं यंत्र फिरवून झालं आहे. कंपनी पुण्याची, आणि इथं तिची माणूस म्हणजे मी एकटी. दरवर्षी मार्चच्या आत कुणाला तरी एखादं मॉडेल तातडीने हवं असतं आणि एप्रिल उजाडला की ते कुणालाच नको असतं. त्या सगळ्या मॉडेलांच्या हार्ड डिस्क माझ्या कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवलेल्या आहेत, कारण धूळ त्यांना चालत नाही आणि दुसरीकडे जागा नाही. साडी काढताना त्यातली एखादी पायावर पडते तेव्हा मला आठवतं, अरे, हा तर तो दरवाजा. सुरुवातीला मी ह्या कामाविषयी बोलायला लागले की थांबत नसे. आता कुणी विचारलं तर म्हणते, मोजमापाचं काम आहे. गुडघे दुखतात, डोळे चुरचुरतात, आणि मे महिन्यात त्या स्टँडला हात लावला तर चटका बसतो.

मागच्या वर्षी जे काम आलं ते एका मनोऱ्याचं होतं. जुन्या शहराला पाणी पुरवणारी नहर जमिनीखालून गेलेली आहे. वरच्या अंगाला, हर्सूलकडे, पाणी धरायचं आणि खापराच्या नळांतून नुसत्या उतारावर शहरात आणायचं, अशी ती रचना. वाटेत ठिकठिकाणी विटा-चुन्याचे जाड मनोरे बांधलेत. पाणी त्यांत वर चढतं, पुन्हा खाली उतरतं, आणि त्याचा जोर मोडून पुढे जातं. बरेचसे मनोरे आता वस्तीत हरवले आहेत. हा एक मात्र अडचणीच्या जागी सापडला होता. रस्ता रुंद व्हायचा होता आणि नकाशावरची लाल रेघ थेट मनोऱ्याच्या पोटातून गेली होती.

मनोऱ्याला टेकून दोन खोल्यांचं घर होतं. टेकून म्हणजे अक्षरशः. स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजेच मनोरा, आणि त्याच्या कोनाड्यात मिठाची बरणी. घरात एक विधवा बाई आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीने जाणारा तिचा मुलगा, एवढीच माणसं. गल्लीतले सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून मीही खाला म्हणू लागले. साठी उलटलेली, ठेंगणी, आवाज मात्र असा की तिने हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतलं माणूस ओ देईल. रस्ता रेघेप्रमाणे झाला तर मनोराही जाणार होता आणि खालाचं घरही. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझी समजूत अशी होती की मॉडेल झालं, मनोरा काय चीज आहे हे साहेबांना पडद्यावर दिसलं, की रेघ थोडी सरकेल.

पहिल्या दिवशी दारात उभी राहून मी म्हटलं, "खाला, ह्या मनोऱ्याची नोंद करायची आहे. सरकारी काम आहे. दोन-तीन दिवस त्रास होईल."

डॉक्युमेंटेशन हा शब्द मी अशा ठिकाणी वापरत नाही. लोक बावचळतात. नोंद कसं सुटसुटीत, आपल्या भाषेतलं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

खालाने हातातलं सूप खाली ठेवलं. "नोंद? इथली?"

"हो, इथलीच."

"पक्की?"

"एकदम पक्की," मी म्हटलं. "एका मिलिमीटरचा फरक राहणार नाही."

तिने मला आत घेतलं, खाटेवरची गोधडी झटकली आणि बसायला सांगितलं. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आपलं यंत्र बघून लोक कधी घाबरतात, कधी चिडतात, कधी उगाच चहा पाजतात. हिने चहा पाजला, एवढंच.

पण तिच्यासारखी मदत मला त्याआधी कुणी केली नव्हती, हेही खरं. एरवी माझा निम्मा दिवस लोकांची मनधरणी करण्यात जातो. दोरीवरचे कपडे काढा, मोटारसायकल हलवा, शेळी आवरा. वाऱ्यावर हलणारा टॉवेल यंत्राला कळत नाही आणि मग भिंतीवर भुतासारखे पुंजके उमटतात. इथं मी तोंड उघडायच्या आत दोरी रिकामी होती. शेळ्या शेजारणीकडे गेल्या होत्या, कोंबड्या डालग्याखाली. गल्लीच्या तोंडाशी खाला स्वतः कमरेवर हात ठेवून उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दरडावी, "ए, उधरसे जाओ! नोंद चालू हाय इथं!" मी मनात म्हटलं, हिला कंपनीत घ्यायला हवं.

भिंतींवर मी कागद चिकटवले. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे, बुद्धिबळाच्या पटाचा तुकडा कापून लावल्यासारखे. दोन ठिकाणांहून घेतलेले ठिपके एकमेकांवर बसवायला ते खुणेसाठी लागतात. काम झालं की फाडून टाकायचे. त्या दिवशी ऊन फार होतं, माझं डोकं ठणकत होतं, आणि परत यायचंच आहे म्हणून मी ते तसेच राहू दिले.

काही आठवड्यांनी, पावसाळा तोंडावर असताना, मी राहिलेल्या बाजू टिपायला गेले. यंत्र लावलं, फिरवलं, आणि बघते तर एकही कागद त्याला ओळखू येईना. जिथं चौकट दिसायला हवी तिथं नुसती पांढरी चमक. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक कागदावर प्लॅस्टिक चढवलेलं. साड्यांच्या दुकानातून येतात त्या पिशव्या कापून, कडेने चिकटपट्टी मारून, अगदी निगुतीने. एकाची चिकटपट्टी सुटली होती तिथं वरून दोन खिळेही ठोकले होते. त्या चुन्यात.

"खाला, हे कुणी केलं?" माझा आवाज चढला असावा.

"मी केलं. पाऊस आल्यावर भिजला असता ना तुमचा शिक्का."

"कसला शिक्का?"

"नोंदीचा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मलाच काही माहीत नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या सासऱ्याने ह्या दोन खोल्या बांधल्या. जागा कुणी दिली, कशी दिली, हे सांगणारा कागद नव्हता. विजेचं बिल अजून सासऱ्याच्याच नावावर येत होतं आणि सासऱ्याला जाऊन जमाना झाला होता. नोंद लागावी, नाव चढावं म्हणून आधी सासरा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला, मग तिचा नवरा. दोघंही त्याच खटपटीत गेले. पुढच्या महिन्यात या, साहेब रजेवर आहेत, अमुक कागद आणा. आणि एका दिवशी कुणीतरी मॅडम स्वतःहून दारात येऊन म्हणते, नोंद करायची आहे, पक्की नोंद, आणि घराच्या चारी भिंतींना चौकटीचे कागद चिकटवून जाते. आपल्याकडे नोंद लागणं म्हणजे काय, हे काय मला माहीत नव्हतं? आमच्या घरात तर पिढ्यान् पिढ्या कारकुनी झालेली.

मी खाटेवर बसले आणि नीट समजावून सांगायचं ठरवलं. "खाला, ही ती नोंद नव्हे. ही मनोऱ्याची आहे, घराची नाही. हिच्यात नाव लागत नाही. मनोरा कसा दिसतो, केवढा आहे, तेवढंच उतरवून घ्यायचं."

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मनोरा कुठं हाय?"

"इथंच."

"इथं म्हंजी कुणाच्या घरात?"

"तुमच्या."

"मंग?" ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

मी प्लॅस्टिक काढलं, त्या दिवसाचा स्कॅन उरकला आणि घरी आले. निघताना तिने विचारलं की कागद परत झाकू ना, आणि मी, काय करणार, हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात जाणं झालं. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. बिनसाखरेचा चहा पितात, समोरच्याला बसा म्हणतात, टेबलावर मुलीच्या लग्नाचा फोटो आहे. मी लॅपटॉप उघडून अर्धवट झालेला मनोरा दाखवला. आतून, बाहेरून, वरून. पाणी कुठून चढत होतं, कुठून उतरत होतं, तो पोकळ गाभा. ते खरंच रमले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी स्वतः तो फिरवून पाहिला.

"वा! आणि ही नोंद पूर्ण कधी देताय?"

"अजून थोडं काम आहे. पण साहेब, मी काय म्हणते, रस्त्याची रेघ..."

"लवकर द्या. तुमची नोंद हातात आली की आम्ही मोकळे."

"मोकळे म्हणजे?"

"म्हणजे काम सुरू करता येईल. वरून अटच आहे ना, आधी नोंद, मग पाडकाम. तुमच्यामुळेच तर अडलंय."

मी म्हटलं की मला वाटलं होतं, हे बघून मनोरा ठेवतील. साहेबांनी माझ्याकडे काहीशा करुणेने पाहिलं. "मॅडम, पण आता सगळं राहणारच आहे की. तुमच्याकडे चारी बाजूंनी आहे, मापासकट आहे. उलट मूळ मनोऱ्यापेक्षा हे बरं. ह्याला ऊन नाही, पाऊस नाही, ह्याच्यावर पिंपळ उगवत नाही."

त्यात उपहास नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी गाडी सुरू केली, सिल्लोड नाक्यापर्यंत उगाचच गेले आणि परत वळले. इतकी वर्षं उन्हातान्हात उभी राहून मी जे करत होते त्याचा कार्यालयाच्या भाषेतला अर्थ मला त्या दिवशी कळला. माझ्याआधी कुठलीही जुनी भिंत पाडायची तर माणसाला निदान थोडा संकोच वाटत असेल. माझं यंत्र तो संकोच काढून टाकत होतं. मला स्वतःचा आणि साहेबांचा आणि त्या पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या मनोऱ्याचा भयंकर राग आला, आणि रागाच्याही मागून थकवा आला, जो माझ्याकडे नेहमी लवकर येतो.

मग मी जन्मात केलं नव्हतं ते सुरू केलं. काम रेंगाळवलं. सबबी शोधायला लागत नाहीत आमच्या धंद्यात, सगळ्या खऱ्याच असतात. पाऊस झाला, भिंत ओली आहे, ओल्या विटेवरून किरण नीट परतत नाहीत. पिंपळाला पालवी आली, माथा झाकला गेला, पानगळीपर्यंत थांबा. स्वयंपाकघरातल्या फळ्यांमागची भिंत टिपायची राहिली. शेजारच्या गच्चीची परवानगी नाही. पुण्याहून कंपनीचे सर फोन करत, "अहो, काय ताजमहाल करताय का?" मी म्हणे, "सर, अचूकता."

मधल्या काळात मी एक खटाटोपही केला. मॉडेलवरच रस्ता काढून दाखवला. मनोरा मध्ये ठेवून दोन्ही अंगांनी वाहनं जाऊ शकतात, खालाच्या खोल्यांचा पुढचा थोडा भाग गेला तरी मागचा राहतो, असं. साहेबांनी ते पाहिलं, "छान आहे," म्हणाले आणि संगणकात साठवून ठेवलं. आमच्याकडे छान आहे म्हणून साठवून ठेवणं म्हणजे काय, ते मला सांगायला नको.

मी परत परत जाई तशी खाला खूश होई. "अजून पक्की करून राह्यलेत," ती शेजारणींना सांगे. "लई बारीक काम हाय यांचं." मला ते सहन होईना. एका दुपारी, मुलगा पाळीवर गेलेला होता, तेव्हा मी तिला सरळच सांगितलं. "खाला, माझं हे काम संपलं ना, की मनोरा पाडणार आहेत. घरपण जाईल. मुलाला सांगा, जागा बघून ठेवा."

ती भाजी निवडत होती. हात थांबले. मग ती हसली, मोठ्याने, तिच्या त्या आवाजात. "आधी लिहून घेतील, मोजून घेतील, इतकं बारीक बारीक, आन् मंग पाडतील? असं कोण करंल बेटा? पाडायचं असतं तर असंच पाडलं असतं."

"खाला, खरंच सांगते."

"तू दमलीस," ती म्हणाली. "उन्हानं डोकं फिरतं माणसाचं. जेवून जा."

मी जेवले. ज्वारीची भाकरी आणि आंबट वरण. मुलाला मी वेगळं गाठून सांगितलं, आणि त्याला मात्र एका वाक्यात समजलं. तो म्हणाला, "मॅडम, मेरेकू मालूम था. अम्मीकू नक्को बोलो, उसकू खुश रहने दो थोडा." त्याने हर्सूलकडे खोली बघायला सुरुवातही केलेली होती.

माझं रेंगाळणं पानगळीपर्यंत पोचलंच नाही. रोजचा स्कॅन रोज पुण्याच्या सर्व्हरवर चढवायचा असतो, तो नियम मी पाळत आले होते. एका सकाळी सरांचा फोन आला. आवाजात उत्साह. "तुमचा मनोरा मीच पूर्ण करून टाकला. जिथं जिथं माहिती कमी होती तिथं सॉफ्टवेअरने भरून काढली. ते फळ्यांमागचं पण. काही कळत नाही बघा. कालच पाठवलं त्यांना, साहेब खूश आहेत."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या दृष्टीने त्यांनी मला मदतच केली होती.

पाडकामाच्या दिवशी मुलाचा फोन आला, "मशीन आयी." मी पोचले तेव्हा गल्लीत गर्दी होती आणि खालाचं सामान रस्त्यावर निघालं होतं. सिलिंडर, खाट, पत्र्याची पेटी, डालगं. ती स्वतः साहेबांसमोर उभी होती. हातात प्लॅस्टिकमधला तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद. भिंतीवरून खिळ्यांसकट सोडवून आणलेला.

"नोंद झालीय साहेब," ती सांगत होती. ओरडत नव्हती. पहिल्यांदाच मी तिला इतक्या हळू बोलताना ऐकलं. "सरकारी नोंद झालीय इथली. हा बघा शिक्का. सहा महिने ती चालू होती. ह्या मॅडमनं केलीय. विचारा."

साहेबांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. कागदाला सुलटी बाजू नसतेच. मग माझ्याकडे पाहिलं. सगळ्या गल्लीने पाहिलं. "मॅडम, हे काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही साहेब. खुणेचा कागद आहे."

"म्हणजे कसला?"

"मोजताना लावतो. काम झालं की फेकायचा असतो."

खालाने माझ्याकडे बघितलं. त्यात राग असेल म्हणून मी मान खाली घालायच्या तयारीत होते. राग नव्हता. तिला अजूनही वाटत होतं की मी घाबरून असं बोलते आहे, चार लोकांसमोर साहेबाला उलट बोलणं मला जमत नाही. तिने साहेबांच्या हातून कागद परत घेतला, घडी न घालता पेटीत ठेवला आणि पेटीवर बसली.

घर पडायला वेळ लागला नाही. मनोऱ्याने मात्र घेतला. जुना चुना फार चिवट असतो, मशीनचा पंजा त्याच्यावर नुसता घसरत होता आणि चालवणारा शिव्या घालत होता. मग एकदा तो मधोमध फुटला आणि आतले खापराचे नळ उघडे पडले. एकात एक बसवलेले, सांधे अजून शाबूत. माझ्या यंत्राला ते कधी दिसले नव्हते. भिंतीच्या आतलं त्याला दिसत नाही. मी पिशवीतून मोबाईल काढला आणि फोटो घ्यायला वर केला, आणि माझी मलाच शिसारी आली. मी तो परत ठेवून दिला. दुपारपर्यंत सगळा ढिगारा झाला, आणि संध्याकाळी डंपर तो घेऊन गेले.

ते मॉडेल नंतर एका कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवलं गेलं. पाठीमागे सतार वगैरे लावली होती. लोकांनी मोबाईल वर करून चित्रीकरण केलं. मला कंपनीकडून शाबासकीचा ईमेल आला आणि बरोबरच पुढच्या कामाची तारीख. मी पुढचं काम घेतलं. घर आहे, मुलीची फी आहे, आणि दुसरं मला येत नाही.

खालाकडे जायचं मी बरेच दिवस टाळलं. शेवटी मुलालाच फोन केला, पत्ता घेतला आणि एका रविवारी सकाळी गेले. हर्सूलला तलावाच्या अंगाला, एका माळ्यावर एकच खोली. जिना अरुंद आणि लोखंडी. खाला दाराशी बसून तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठायला लागली, मी उठू दिलं नाही. तिचा आवाज तेवढा उरला नव्हता. शेजारीपाजारी म्हणून राहणारे सगळे नवे, हाक मारायची कुणाला, असं ती म्हणाली. शेळ्या लग्न झालेल्या मुलीकडे सिल्लोडला पाठवल्या होत्या. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नव्हता, म्हणून ती खाली जातच नव्हती.

मग तिनेच विचारलं, "तो मनोरा तुझ्या मशीनमधी हाय म्हणतात. दाखव की."

मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिने ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला. कसं फिरवायचं ते दाखवलं तर तिला लगेच जमलं. ती बराच वेळ तो फिरवत राहिली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. माथ्यावर नेला, परत खाली आणला. सरांनी सॉफ्टवेअरने भरलेल्या गुळगुळीत भागावरही तिचं बोट थांबलं आणि पुढे गेलं.

"लई साफ दिसतोय," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजी नोंद झाली म्हणायची."

"झाली, खाला."

"आन् नाव?" तिने विचारलं. "नाव कुणाचं लागलं?"

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नावं होती. मी तिला वाचून दाखवली. आधी त्या कार्यालयाचं, मग पुण्याच्या कंपनीचं. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी ती वाकून त्या ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"ह्याच्यात तुझं कुठंय?"

"माझं नसतं लागत."

तिने चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला खरंखुरं वाईट वाटलेलं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अगं, इतकी उन्हात उभी राहायची तू माझ्या अंगणात," ती म्हणाली. "मला वाटलं, आमचं नाय तर नाय, तुझं तरी लागलं असंल."

मला रडू आवरेना. तिने गुडघ्यावर हात टेकून कशीबशी उठून मला पाणी आणून दिलं.